लावणी किती बदलली तरी लावणी राहते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लावणीचा विषय निघाला की ठरलेले प्रश्न येतातच. कुणी गणपतीतला एखादा व्हिडिओ पाठवतं आणि विचारतं "ही लावणी आहे का हो?", कुणाला मुलीला स्पर्धेत उतरवायचंय, कुणाला वाटतं सगळं बिघडलं आणि कुणाला वाटतं काळाप्रमाणे बदलायलाच पाहिजे, त्यात काय एवढं. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं इथे एकत्र टाकतेय. मतं माझी आहेत, सगळी पटतीलच असं नाही.

प्र. लावणी हा नाच आहे की गाणं?

दोन्ही, पण आधी शब्द. पेशवाईतले शाहीर म्हणजे सोलापूरचे रामजोशी, संगमनेरचे अनंत फंदी, होनाजी-बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर, ह्यांनी लावण्या रचल्या त्या म्हणायला आणि ऐकवायला रचल्या, नाच त्या शब्दांच्या अंगाने उभा राहिला. त्यामुळे पाय कितीही जोरात चालू देत, समोरची बाई जे करतेय ते त्या ओळीतलं काहीतरी सांगायला करतेय हे दिसलं पाहिजे. एवढं डोक्यात ठेवा, पुढची बरीच उत्तरं ह्यावरच उभी आहेत.

प्र. मग अस्सल, मूळ लावणी कुठली? ती एकदा कळली की बाकीच्या तपासता येतील.

असं एक मूळ कुठे ठेवलेलं नाही. आणि हे मी वाद टाळायला म्हणत नाहीये, खरंच शोधायला गेलं की दर वेळी अजून एक थर निघतो.

बघा, आज आपल्याला लावणी म्हटलं की नऊवारीतली बाईच दिसते. पण पेशवाईतल्या तमाशात बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा, म्हणजे लुगडं नेसलेला पोरगा. बायका फडावर, म्हणजे तमाशाच्या मंचावर, नंतर आल्या, आणि शाहीर पठ्ठे बापूराव नि नर्तकी पवळा ह्यांच्या जोडीनंतर तर बाईशिवाय तमाशा ही कल्पनाच लोकांना करता येईना. म्हणजे ज्याला आपण लावणीचा प्राण समजतो तोच एकेकाळी नवा बदल होता. वाद्यांचं बघा, डफ-तुणतुणं-ढोलकी-झांज हा जुना मेळ. होनाजी-बाळांनी लावणी रागदारीच्या वळणावर नेली आणि ढोलकीच्या जागी तबला आणला असं सांगतात. पेटी तर त्याहून पुष्कळ नंतरची, आणि आज पेटीशिवाय संगीत बारी, म्हणजे थिएटरात बायकांच्या पार्टीने गाऊन-नाचून केलेला लावणीचा कार्यक्रम, सुरूच होत नाही. आज कुणी कीबोर्ड आणला की लगेच म्हणतात परंपरा बुडाली, पण पेटी पहिल्यांदा आली तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलंच असणार.

शिवाय लावणी एक नाहीच. फडाची वेगळी, बैठकीची वेगळी, विरहाची बालेघाटी वेगळी, छक्कड वेगळी, सवाल-जवाबाची वेगळी, आणि कलगी-तुऱ्याच्या आखाड्यात अध्यात्माची कोडी घालणारी भेदिक लावणी तर तुम्ही डोळे मिटून ऐकली तर लावणी आहे हे ओळखणारही नाही. कलगीवाले शक्तीला मोठं मानणार, तुरेवाले शिवाला, आणि ह्यावर रात्र रात्र पद्यातून भांडण. ह्यातली कुठली अस्सल धरायची?

म्हणून "मूळ कसं होतं" ह्यापेक्षा "एवढं सगळं बदलत असताना काय बदललं नाही" हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

प्र. बरं, काय बदललं नाही मग?

माझ्या मते तीन गोष्टी. शब्दाचा अर्थ अंगातून सांगणं, म्हणजे अदा. पाय आणि ढोलकी ह्यांचं जागच्या जागी चालणारं बोलणं. आणि समोर बसलेल्या माणसाला उद्देशून सगळं करणं. पोऱ्या नाचत होता तेव्हा ह्या तिन्ही होत्या, बाई आली तेव्हा होत्या, तंबूत होत्या, थिएटरात होत्या, बैठकीत दहा माणसांसमोर होत्या. कपडा, वाद्यं, जागा, विषय, नाचणारं कोण, हे सगळं ह्या काळात उलटंपालटं झालं तरी.

प्र. नऊवारीशिवाय लावणी चालेल का?

प्रश्न नऊवारी आहे की नाही हा नाहीच, त्या कपड्याचं नाचात काय काम आहे ते बघा. काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात, मांडी घालून बसता येतं, गिरकी घेता येते. पदर तर सरळ सरळ हत्यार आहे, पदर डोक्यावर घेतला की घरंदाजपणा, दाताखाली धरला की लाज, कमरेला खोचला की भांडण, दोन्ही हातात ताणून समोर धरला की आरसा होतो नाहीतर पडदा होतो.

आता शिवलेली नऊवारी सगळीकडे मिळते, पाच मिनिटांत अंगात चढते, मला त्याबद्दल काहीच तक्रार नाही, ज्यांना एका कार्यक्रमात चार वेळा साडी बदलायची असते त्यांनी काय करावं. पण त्यात पदर खांद्याला शिवून नाहीतर पिना मारून पक्का केलेला असतो. म्हणजे दिसायला सगळं परंपरेप्रमाणे, काठ, कमरपट्टा, अंबाडा, गजरा, नथ, आणि हातातलं हत्यार मात्र काढून घेतलेलं. ह्याउलट एखादीने साधी कॉटनची साडी नेसून पदर मोकळा ठेवला आणि एक ओळ त्या पदराने सांगितली तर ती लावणीच्या जास्त जवळ. शिवलेली वापरा खुशाल, फक्त पदर सुटा ठेवायला सांगा टेलरला.

प्र. ट्रॅक लावून केलेली लावणी लावणीच ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि माझं उत्तर बऱ्याच जणींना आवडत नाही, तरी सांगते. ट्रॅकवर होतो तो लावणीच्या गाण्यावरचा नाच. चांगला असू शकतो, मेहनतीचा असू शकतो, पण त्यात एक अख्खी बाजू गळालेली असते.

ढोलकीवाला बाईच्या पायाकडे बघून वाजवतो. ती चाळातून, म्हणजे पायातल्या घुंगरांतून, काहीतरी बोल काढते, तो तो उचलून परत देतो, थोडा वाकडा करून देतो, मग ती तो वाकडा बोल पायातून परत करते, आणि हे वाढत वाढत जातं, लय चढते, आणि समेवर दोघं एकदम थांबतात की थिएटर उसळतं. कधी ती मुद्दाम थांबते आणि एकाच पायाचा चाळ बारीक बारीक चालू ठेवते, ढोलकीवाला नुसतं बोटाने शाईवर टिचकी देत तिची वाट बघतो, पुढे काय होणार ते त्यालाही माहीत नसतं आणि आपल्यालाही. ओळ संपली की झीलकरी, म्हणजे मागे साथ करणारे, सूर धरून ठेवतात, "जी जी रं जी" चालू राहतं, तेवढ्या वेळात ती प्रेक्षकांत कुणाकडे बघायचं ते ठरवते. दाद आली तर तीच ओळ परत, नाही आली तर पुढचा चौक, म्हणजे कडवं, लवकर घेते. रंगत असेल तर एकच लावणी कितीही वेळ चालते.

ट्रॅकमध्ये ह्यातलं काहीच होऊ शकत नाही कारण ट्रॅक कुणाचीच वाट बघत नाही. चार-साडेचार मिनिटांत संपलं. मग हळूहळू बाकीचंही बदलत जातं, म्हणजे स्पीकर एवढे मोठे की चाळ ऐकूच येत नाहीत, ऐकू येत नाहीत म्हणून मग हलके बारीक घुंगरू बांधतात, हलके बांधले की टाच जोरात मारायची गरज राहत नाही, टाच गेली की पायातला बोल गेला, आणि मग रिकाम्या झालेल्या जागा भरायला गिरक्या, केस उडवणं, उड्या. ह्यात कुणी ठरवून लावणी बिघडवलेली नाही, एक गोष्ट काढली की दुसरी आपोआप सुटते.

मला माहितीये की ढोलकीवाला, पेटीवाला, गायिका असा संच उभा करणं प्रत्येकाला परवडत नाही, गावोगावच्या लहान ग्रुपना तर नाहीच. तर निदान एक ढोलकी लाइव्ह ठेवा. ट्रॅक मध्येच बंद करून नुसत्या ढोलकीवर थोडा वेळ करा आणि मग परत ट्रॅक घ्या. एवढ्यानेही फरक पडतो, करून बघा.

प्र. बैठकीच्या लावणीत तर नाच नसतोच, मग ती "नृत्य" कशी?

बसून होतं म्हणून नाच नाही हे कुणी सांगितलं! मला विचाराल तर लावणी काय आहे हे सगळ्यात स्वच्छ तिथेच दिसतं.

समजा ओळ एवढीच आहे की "अजून का नाही आलात". बाई मांडी घालून बसलीये, समोर दहा-पंधरा माणसं. पहिल्यांदा ती ओळ सरळ गाते. दुसऱ्यांदा "अजून" वर थांबते आणि नजर दाराकडे जाते. तिसऱ्यांदा दाराकडे बघतच नाही, हातातली बांगडी मागेपुढे करत राहते, म्हणजे आता वाट बघून कंटाळलीये. चौथ्यांदा "का" वर जोर, भुवई वर, म्हणजे संशय आला, दुसरीकडे कुठेतरी गेलेले दिसताहेत. पाचव्यांदा एकदम हसते आणि समोर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या रसिकाकडे बघून म्हणते, म्हणजे आता तो म्हाताराच तो न आलेला माणूस झाला आणि सगळी बैठक हसते. एवढं सगळं एका ओळीवर, जागचं न हलता, मान, डोळे, बोटं, खांदा आणि आवाज. त्यात ठुमरीच्या अंगाचं गाणंही लागतं.

वाईच्या यमुनाबाई वाईकर हे करायच्या. १९७५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१२ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये गेल्या, शंभरी पार करून. त्यांची जी काही रेकॉर्डिंग सापडतील ती बघा. आणि मग विचार करा की वेगवान स्टेप म्हणजे लावणी असं आपण कधीपासून धरायला लागलो.

प्र. अश्लील झाली की लावणी राहत नाही, बरोबर?

थांबा. हे जरा नीट बोलायला पाहिजे कारण ह्याच एका शब्दाने लावणीचं बरंच नुकसान झालंय.

लावणी शृंगारिक आहे आणि पहिल्यापासून आहे. पेशवाईतल्या शाहिरांनी जे लिहिलंय ते आजच्या स्टेजवर मोठ्याने वाचलं तर निम्मे लोक उठून जातील. त्याच शाहिरांनी वैराग्याच्याही लावण्या लिहिल्या, तो भाग वेगळा. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री असताना अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी आली होती, नंतर ती उठली पण संहिता तपासून घ्यायच्या अटीवर. त्या "शुद्धीकरणा"त काय झालं तर शहरी सुशिक्षित लोकांना चालेल असं लोकनाट्य वर आलं, आणि ज्या बायकांच्या पोटावर बंदी आली त्या मागेच राहिल्या. त्यामुळे कुणी "अश्लील" म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुणाच्या नजरेने?

पण म्हणून आज डीजे लावून लावणीच्या नावावर जे काय चालतं ते सगळं लावणी असंही मी म्हणणार नाही. माझी कसोटी अंग किती झाकलंय ही नाही. लावणीत बाई बोलते. तिला हवं असतं, ती मागते, रुसते, टोमणे मारते, सौदा करते, त्याची फजिती करते, त्याला दारातून परत पाठवते. अख्ख्या मराठी कवितेत बाईच्या इच्छेला इतकं उघड तोंड दुसरीकडे क्वचित मिळालंय, भले ते शब्द पुरुषांनी लिहिले असतील पण म्हणताना ती आपले करून घेते. डीजेच्या शोमध्ये ती काहीच बोलत नाही. नुसती दिसते. तिथे लावणी संपली, आणि ती पूर्ण नऊवारीत असली तरी संपली.

प्र. म्हणजे जुनं ते सगळं ठेवायचं?

अजिबात नाही. नोटा देण्याच्या निमित्ताने हात धरणं ही पण परंपराच होती, दौलतजादा म्हणतात तिला. ती कमी झाली म्हणून लावणीचं काही बिघडलं नाही. १९९० च्या दशकात अकलूजला राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली तेव्हा लोक घरच्यांना घेऊन लावणी बघायला यायला लागले, पार्ट्या आपली सगळ्यात चांगली अदाकारी घेऊन यायच्या कारण समोर नोटा नाहीत तर परीक्षक होते. पुढे फक्त बायकांसाठी लावणीचे प्रयोग व्हायला लागले आणि ते भरभरून चालले. ज्यांनी असा प्रयोग पाहिलाय त्यांना विचारा, बायका शिट्ट्या मारतात, खुर्चीवरून उठून नाचतात, आणि स्टेजवरची बाई डोळा मारते तो आता नवऱ्याच्या तक्रारीसारखा समोरच्या बाईला पोचतो, अर्थच बदलतो त्याचा. प्रेक्षक बदलला, अदा बदलली, आणि लावणी अजून जास्त लावणी झाली. मला हा गेल्या पन्नास वर्षांतला सगळ्यात सुंदर बदल वाटतो.

प्र. सिनेमाने लावणीची वाट लावली ना?

अर्धं खरं. सिनेमाने लावणी गावाबाहेर नेली, जे थिएटरात कधी पाऊल टाकणार नव्हते अशा घरांत नेली. १९५९ चा "सांगत्ये ऐका" पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला, तमाशातल्या बाईची गोष्ट होती ती. सुलोचना चव्हाणांनी तर नाचाला हातही न लावता, साधं उभं राहून नुसत्या आवाजात सगळी अदा आणली, म्हणून त्यांना लावणीसम्राज्ञी म्हणायचे, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. त्यांनी गायलेल्याला लावणी नाही म्हणायची कुणाची हिंमत आहे?

नुकसान झालं ते दुसरीकडे. सिनेमात मागे दहा-वीस मुली एका रांगेत एकच स्टेप करतात आणि ती स्टेप लोकांच्या डोक्यात पक्की बसली. आता गाणं लागलं की त्या स्टेपच पाहिजेत, शाळेत पण त्याच, लग्नात पण त्याच. अदा ही ज्या त्या बाईची असते, तिची नक्कल करून ती मिळत नाही.

आणि एक गंमत सांगते जी फार कमी लोकांना माहितीये. चौफुला, मोडनिंब अशा ठिकाणच्या संगीत बारीच्या थिएटरांत सिनेमातल्या लावण्यांची फर्माईश सर्रास होते. पण तिथल्या बायका ते गाणं पेटी-ढोलकीवर घेतात, लय खाली आणतात, एकेका ओळीवर बसतात, मधे शेर टाकतात, आणि ते चार मिनिटांचं गाणं वीस मिनिटं खेळवतात. हिंदी गाण्याचंही हेच करतात. सिनेमाचं गाणं त्यांच्या हातात लावणी होऊन जातं. म्हणजे लावणीपण गाण्यात नसून ते गाणं कसं वापरलं ह्यात आहे, हे त्या बायका रोज दाखवून देतात आणि आपण इकडे व्याख्या करत बसतो.

ढोलकी फडाच्या तमाशातही हेच, गण (गणेशवंदना), गवळण (कृष्ण आणि गवळणींचा प्रसंग), बतावणी (विनोदी संवाद) आणि वग (नाट्य) ह्यातली बतावणी आणि वग आखडत चाललेत आणि सिनेमाच्या गाण्यांची रंगबाजी लांबत चाललीये. तिथे मात्र मला काळजी वाटते, कारण वग एकदा बसवायचा थांबला की तो पाठ असलेली माणसं संपतात.

प्र. पुरुषांनी लावणी करावी का?

करावी की. वर सांगितलंच, सुरुवात तिथूनच आहे. आज बरेच तरुण करतात आणि त्यातले काही फार बारकाईने अदा शिकलेत. फक्त एक फरक बघा, बाईची टिंगल म्हणून करतोय की तिचं म्हणणं सांगतोय? हिजडा-बायल्या म्हणून हसायला लावणारं सोंग वेगळं आणि लावणी वेगळी. तमाशातल्या मावशीलासुद्धा, जी बहुधा पुरुषच रंगवतो, तिचं स्वतःचं डोकं आहे, गवळणीत ती कृष्णाला गप्प करते.

प्र. विषय बदलला तर? लावणीत शेतकरी आत्महत्या, मोबाइल, निवडणूक चालेल?

चालेल, आधीच झालंय. अण्णा भाऊ साठ्यांची "माझी मैना गावावर राहिली" ही छक्कड घ्या, मुंबईला कामाला आलेला गडी आणि गावी राहिलेली बायको, पूर्ण विरहाची लावणी, आणि तीच संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचं गाणं झाली. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, म्हणजे गाण्या-नाट्यातून समाजसुधारणेचा प्रचार करणारे कार्यक्रम, तमाशाच्याच अंगाने उभे राहिले. मोबाइलवर लिहा, पण मोबाइलवर रुसायला पाहिजे कुणीतरी. नुसता सरकारी योजनेचा प्रचार चालीत बसवला तर ती लावणीची चाल, लावणी नव्हे.

प्र. कथ्थक, बॉलिवूड, कंटेम्पररी मिक्स केलं तर?

कथ्थकशी लावणीचं जुनं येणं-जाणं आहे, तत्कार, गिरकी, बसून भाव सांगणं, दोन्हीकडे आहे. मिक्स करताना मी एकच बघते, जोर कुठे जातो. लावणीत वजन खाली आहे, टाच जमिनीत, कंबर सैल, गुडघा किंचित वाकलेला. कथ्थकची मुलगी लावणी करते तेव्हा पाठ ताठ होते आणि हात फार स्वच्छ होतात, दिसतं सुंदर पण ठसका जातो. तो परत आणायला महिना-दोन महिने नुसतं चालायला शिका, खरंच, लावणीतली चाल हीच अर्धी लावणी आहे. कंटेम्पररीबद्दल माझं मत अजून पक्कं नाही, जे पाहिलंय त्यात अर्थ डोक्याने लावावा लागतो आणि लावणीचा अर्थ शेवटच्या रांगेतल्या माणसाला त्याच क्षणी लागला पाहिजे.

प्र. शाळेच्या गॅदरिंगला लहान मुलींनी लावणी करावी का?

दुसरी-तिसरीतल्या मुलींना शृंगाराच्या ओळींवर डोळा मारायला शिकवू नका, प्लीज. त्यांना अर्थ कळत नाही आणि आपण त्यांना अर्थाशिवाय हावभाव करायला शिकवतोय, म्हणजे जे लावणीत सगळ्यात महत्त्वाचं तेच उलटं. गवळण घ्या, त्यात भांडण आहे, मडकी आहेत, कृष्णाची खोडी आहे, मुलींना मजा येते.

प्र. हे फक्त लावणीचंच आहे का? बाकी लोकनाचांचं काय?

प्रत्येकाचं मर्म वेगळं असतं, एकाची कसोटी दुसऱ्याला लावू नका. डहाणू-जव्हारकडचा तारपा नाच घ्या. तिथे तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा मधे असतो, बाकीचे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात, तो सूर बदलतो तशी पावलं बदलतात. कुणी प्रेक्षकांकडे बघत नाही, कारण प्रेक्षक असा वेगळा नाहीच, बघणारा मधेच साखळीत शिरू शकतो. आता तोच नाच स्टेजवर आणला की ती साखळी उघडून प्रेक्षकांकडे तोंड करून अर्धगोल उभं करतात. लावणीला प्रेक्षकाकडे बघितल्याशिवाय जमत नाही आणि तारप्याला प्रेक्षकाकडे बघायला लावलं की तो मोडतो.

लेझीमचं उलट. ती तालमीतला व्यायाम, मिरवणुकीत गेली, शाळेच्या पीटीत गेली, मुलींच्या हातात आली, आणि काहीच बिघडलं नाही कारण तिचा जीव एकसाथ पडणाऱ्या ठेक्यात आहे, तो सगळीकडे तसाच राहिला.

प्र. काय बदलायचं आणि काय नाही हे ठरवणार कोण? तुम्ही?

मी नाही, आणि फक्त कोरिओग्राफर, परीक्षक, प्राध्यापकही नाहीत. ज्या घरांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या पोटाशी धरली, कोल्हाटी, डोंबारी, महार, मांग, आणि त्यासाठी समाजाची बोलणी खाल्ली, त्यांचा पहिला हक्क. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींकडून दोनदा सन्मान मिळाला आणि तरी शेवटचे दिवस हलाखीत गेले, २००२ मध्ये त्या गेल्या, आता राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. हे विसरून शहरातल्या एसी हॉलमध्ये "लावणी टिकली पाहिजे" म्हणायचं आणि स्टेजवर मात्र थिएटरातली एकही बाई नाही, हे मला फार खुपतं.

आणि गंमत नाही, त्या बायका आपल्याइतक्या बदलाला घाबरत नाहीत. त्यांना गिऱ्हाईक सांभाळायचं असतं, पोरांच्या शाळेच्या फिया भरायच्या असतात, नवीन गाणं आलं की त्या दोन दिवसांत बसवतात. २०२० मध्ये कोरोनात थिएटरं, तंबू सगळं बंद पडलं तेव्हा "परंपरा" ह्या शब्दाने कुणाच्या घरात चूल पेटली नाही. बऱ्याच जणींना मुलींना ह्यात आणायचंच नाहीये आणि तो त्यांचा निर्णय आहे, त्यावर आपण दुःख व्यक्त करू शकतो पण त्यांना दोष देऊ शकत नाही. म्हणून बाहेरच्या मुली शिकायला येताहेत ही मला चांगलीच गोष्ट वाटते, फक्त कुणाकडून शिकलात ते स्टेजवरून नाव घेऊन सांगा आणि गुरूला बिदागी द्या, नुसता नमस्कार नको.

प्र. ताई, मला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

आधी स्टेप शोधू नका. एखादी जुनी लावणी घ्या, तिचे चौक मोठ्याने वाचा, न कळलेला शब्द विचारा. मग बसून एक ओळ म्हणा, आरशाशिवाय, आणि समोर घरातलं कुणीतरी बसवा, त्याला अर्थ कळला की नाही विचारा. केरवा, धुमाळी हे ठेके हातावर पक्के करा. चाळ त्यानंतर, आणि आधी थोडेच बांधा, एकदम सगळं वजन घेतलं तर घोटे धरतात. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत लोककलांचं शिक्षण मिळतं, सांस्कृतिक कार्य संचालनालयाची शिबिरं होतात, त्यांची चौकशी करा.

आणि एकदा तरी थिएटरात जाऊन बघा, पुढच्या रांगेत बसा, ढोलकीवाल्याचे डोळे कुठे आहेत ते बघा. घरच्यांना घेऊन जायचं असेल तर आधी फोन करून वेळ विचारा, म्हणजे ते तसा कार्यक्रम ठेवतात. मोबाइल काढायच्या आधी पार्टीच्या मालकिणीला विचारा, शूटिंग बऱ्याच जणींना नको असतं, नाही म्हणाल्या तर कारण विचारत बसू नका.